मेमरी नक्की खातंय कोण? मॅसिफ वापरून शोधायची सविस्तर पद्धत

इंदूरला रामबागेकडे आमच्या ओळखीतला एक मुलगा आहे, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, त्यानं एका मराठी वाचनालयासाठी पुस्तकं शोधायचा छोटा प्रोग्राम सी++ मध्ये लिहून दिला. वाचनालयातला कॉम्प्युटर जुना, रॅम कमी, आणि प्रोग्राम सुरू झाला की मशीन थोडा वेळ एकदम जड होतं, मग हळूहळू ठीक. त्यानं मेमचेक (मेमरीच्या चुका शोधणारं टूल) चालवून पाहिलं, एक बाइटसुद्धा लीक नाही. मग मला विचारतो, "काका, लीक नाहीये तर मेमरी जाते कुठे?"

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि फार जणांना पडतो म्हणून इथे नीट लिहितोय. लीक नसणं आणि मेमरी कमी लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लीक शोधताना मेमचेक एवढंच बघतं की घेतलेली मेमरी परत केली की नाही. पण तुम्ही ५०० एमबी घेतली, दहा सेकंद धरून ठेवली आणि शेवटी इमानदारीनं परत केली, तर मेमचेकच्या दृष्टीनं सगळं छान, आणि तेवढ्या दहा सेकंदात जुन्या मशीनचा जीव जातो. तिथे बघायचं असतं ते असं, की मेमरी सगळ्यात जास्त कधी होती आणि त्या क्षणी ती कोणत्या फंक्शननं मागितलेली होती. हे सांगणारं टूल म्हणजे मॅसिफ. मेमचेक ज्या व्हॅलग्राइंड नावाच्या टूल्सच्या संचात येतं, त्यातच हेही येतं, वेगळं काही घ्यावं लागत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, खाली सगळ्या कमांड मी देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये त्या नेहमीसारख्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या. फाइलचं नाव मात्र लिनक्सवर खरोखर देवनागरीत ठेवता येतं, "यादी" नावाचा प्रोग्राम मजेत चालतो.

आधी एक साधं माप घ्या

मॅसिफच्या आधी प्रोग्राम आत्ता किती मेमरी घेतोय हे एका ओळीत बघून घ्या:

/यूएसआर/बिन/टाइम -व्ही ./यादी

पूर्ण पाथ द्यायचा, कारण नुसतं टाइम लिहिलं तर बॅशचं स्वतःचं टाइम चालतं आणि त्याला -व्ही कळत नाही. पाथ देऊनही फाइल नाही म्हणाला तर टाइम नावाचं पॅकेज इन्स्टॉल करून घ्या, काही मशीनवर ते आधीपासून नसतं. आउटपुटमध्ये "मॅक्झिमम रेसिडेंट सेट साइझ" अशी ओळ येते, आकडा किलोबाइटमध्ये असतो. तो कागदावर लिहून ठेवा. नंतर कोड बदलल्यावर खरंच फरक पडला का हे यावरूनच ठरणार आहे, आणि प्रोग्राम मूळ वेगानं चालत असतानाचा हा आकडा असल्यामुळे तो जास्त प्रामाणिक असतो.

इन्स्टॉल आणि कंपाइल

उबुंटूवर "सुडो एपीटी इन्स्टॉल व्हॅलग्राइंड", फेडोरावर एपीटीच्या जागी डीएनएफ. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएलमध्ये उबुंटू टाकून तिथे चालवायचं, व्यवस्थित चालतं. नव्या अ‍ॅपल चिपचा मॅक असेल तर त्यावर धडपडत बसू नका, एखादं लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन किंवा मित्राचा लिनक्स लॅपटॉप बघा.

कंपाइल करताना -जी हवंच:

जी++ -जी -ओ२ यादी.सीपीपी -ओ यादी

(पहिला ओ मोठ्या लिपीतला, दुसरा लहान.) -जी नसेल तर मॅसिफ चालेल पण फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर दिसणार नाही, फार तर पत्ते आणि फंक्शनची नावं दिसतील, नेमकी ओळ कळणार नाही. ऑप्टिमायझेशन काढून टाकायची गरज नसते, कारण हीपवर (प्रोग्राम चालू असताना लागेल तशी मागून घेतलेली मेमरी) किती मेमरी मागितली जाते यात त्यानं सहसा फारसा फरक पडत नाही.

पहिली रन

व्हॅलग्राइंड --टूल=मॅसिफ ./यादी

प्रोग्राम खूप सावकाश चालेल, साधारण वीसपट हळू धरून चला, त्यामुळे आख्खा डेटा देऊ नका. वाचनालयाच्या यादीतल्या पहिल्या दोन-चार हजार ओळींची वेगळी फाइल करा आणि ती द्या. मेमरी कोण मागतंय हे छोट्या डेटावरही तसंच दिसतं, फक्त डेटा इतका छोटाही नको की प्रोग्रामची स्वतःची किरकोळ मेमरीच मोठी दिसायला लागेल. आणखी एक, व्हॅलग्राइंडखाली एका वेळी एकच थ्रेड चालतो, त्यामुळे मल्टीथ्रेडेड प्रोग्रामचा वेग बघून काही ठरवू नका.

प्रोग्राम संपला की त्याच फोल्डरमध्ये मॅसिफ.आउट.१२३४५ अशी फाइल तयार होते, शेवटचा आकडा म्हणजे प्रोसेस आयडी. ही फाइल प्रोग्राम संपताना लिहिली जाते, त्यामुळे किल -९ मारलात तर हाती काही लागत नाही. कंट्रोल-सी चालतं. आणि प्रोग्राम स्वतः दुसरे प्रोग्राम सुरू करत असेल तर --ट्रेस-चिल्ड्रन=येस द्या, नाहीतर स्क्रिप्टची मेमरी मोजत बसाल आणि खरा कार्यक्रम पलीकडेच होऊन जाईल.

आता ती वाचायची:

एमएस_प्रिंट मॅसिफ.आउट.१२३४५ | लेस

ग्राफ कसा बघायचा

सगळ्यात वर अक्षरांनी काढलेला ग्राफ येतो, उभ्या बाजूला मेमरी, आडव्या बाजूला वेळ. इथला वेळ म्हणजे सेकंद नाहीत, डीफॉल्टला किती इन्स्ट्रक्शन चालल्या त्याची मोजणी असते. प्रोग्राम छोटा असेल तर सुरुवातीला लायब्ररी लोड होण्यातच एवढ्या इन्स्ट्रक्शन जातात की ग्राफ डावीकडे सपाट आणि अगदी उजव्या टोकाला एक खांब असा विचित्र येतो. तसं झालं तर --टाइम-युनिट=बी देऊन परत चालवा, बी मोठ्या लिपीत, मग आडव्या बाजूला घेतलेल्या आणि सोडलेल्या बाइट्सची बेरीज येते आणि आकार एकदम स्पष्ट होतो. छोट्या प्रोग्रामला मी हेच देतो.

ग्राफमधले खांब तीन प्रकारचे. विसर्गासारख्या दोन टिंबांचा म्हणजे साधा स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या मेमरीची नोंद), अ‍ॅटच्या चिन्हाचा म्हणजे तपशीलवार, आणि हॅशच्या चिन्हाचा म्हणजे पीक. पीक म्हणजे मेमरी सगळ्यात जास्त होती तो क्षण, आपल्याला हवी ती जागा. डीफॉल्टला दर दहावा स्नॅपशॉट तपशीलवार असतो आणि एकूण जास्तीत जास्त १०० ठेवले जातात.

आकारावरून बरंच कळतं. जिन्यासारखा चढत जाऊन शेवटपर्यंत खाली न येणारा ग्राफ म्हणजे कुठेतरी नुसतं साठवणं चाललंय, एखादा कॅश किंवा लिस्ट जिच्यातून कोणी काही काढतच नाही, आणि हे मेमचेकला लीक म्हणून दिसेलच असं नाही कारण शेवटी डिस्ट्रक्टर येऊन सगळं साफ करतो. करवतीच्या दातांसारखा ग्राफ म्हणजे लूपमध्ये घेणं-सोडणं चालू आहे. आणि सुरुवातीला एक उंच टेकाड आणि मग कमी उंचीचं पठार, हा आमच्या वाचनालयाच्या प्रोग्रामचा ग्राफ होता. म्हणजे लोड करतानाच काहीतरी जास्तीचं धरलं जातंय.

खरी माहिती खालच्या झाडात

ग्राफच्या खाली तक्ता असतो. त्यात स्नॅपशॉटचा नंबर, वेळ, एकूण, मग यूजफुल-हीप, एक्स्ट्रा-हीप आणि स्टॅक. यूजफुल म्हणजे तुम्ही मागितलेले बाइट्स, एक्स्ट्रा म्हणजे प्रत्येक तुकड्यामागे हिशेब ठेवायला आणि आकार नीट बसवायला लागणारे वरचे बाइट्स. स्टॅकचा (फंक्शनच्या स्वतःच्या व्हेरिएबलची जागा) रकाना शून्य दिसेल, घाबरू नका, स्टॅक मोजायचं डीफॉल्टला बंद असतं आणि --स्टॅक्स=येस दिल्यावर आणखी हळू चालतं.

एक्स्ट्रा-हीपकडे लोक बघतच नाहीत, पण मी आधी तिकडेच बघतो. हा आकडा यूजफुलच्या मानानं मोठा असेल तर सरळ अर्थ असा की प्रोग्राम हजारो बारीक बारीक तुकडे मागतोय. तिथे डेटा कमी करून उपयोग नाही, तुकड्यांची संख्या कमी करायला हवी.

तपशीलवार आणि पीक स्नॅपशॉटखाली झाड येतं. सगळ्यात वर १०० टक्के, त्याखाली कोणत्या फंक्शनमधून किती टक्के मागितले, त्याखाली त्या फंक्शनला कोणी बोलावलं, असं उतरत जातं. एक टक्क्याहून लहान फांद्या एकत्र करून एका ओळीत टाकलेल्या असतात. सी++ मध्ये वरच्या दोन-चार ओळी स्टँडर्ड लायब्ररीच्या लांबलचक नावांच्या असतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करून तुमच्या फाइलचं नाव जिथे पहिल्यांदा दिसतं तिथे थांबा.

एक छोटं उदाहरण हातानं करून बघाच. मेनमध्ये रिकामा व्हेक्टर घ्या, पूर्णांकांचा, आणि लूपनं त्यात दहा लाख आकडे पुश-बॅक करा. एक पूर्णांक ४ बाइट्स, म्हणजे ४० लाख बाइट्स लागायला हवेत असं कोणीही म्हणेल. मॅसिफ पीकच्या झाडात व्हेक्टरच्या फांदीला दाखवेल ६२,९१,४५६ (तो स्वल्पविराम इंग्रजी पद्धतीनं टाकतो, तेवढं सांभाळा). कारण जी++ च्या लायब्ररीत व्हेक्टर भरला की दुप्पट होतो. ५,२४,२८८ जागा भरल्या, आता १०,४८,५७६ जागांचा नवा तुकडा घ्यायचा, म्हणजे ४१,९४,३०४ बाइट्स, आणि जुन्यातलं नव्यात नेईपर्यंत जुने २०,९७,१५२ बाइट्स सोडता येत नाहीत. दोन्ही मिळून बरोबर ६२,९१,४५६. आता लूपच्या आधी एक ओळ टाका, रिझर्व्ह दहा लाख, आणि परत चालवा. ती फांदी ४० लाखावर येते. हे डोळ्यांनी एकदा बघितलं की रिझर्व्ह लिहायची सवय आपोआप लागते.

याच झाडात ७२-७३ हजार बाइट्सची एक अनोळखी फांदी दिसेल, मेन सुरू व्हायच्या आधीची. ती सी++ च्या रनटाइमनं एक्सेप्शनसाठी बाजूला ठेवलेली जागा असते, तुमचा काही दोष नाही, सोडून द्या.

वाचनालयाच्या प्रोग्राममध्ये काय निघालं

पीकच्या झाडात तीन जाड फांद्या होत्या. पहिली, आख्खी फाइल एकाच स्ट्रिंगमध्ये वाचणारं फंक्शन. दुसरी, त्या स्ट्रिंगच्या ओळी वेगळ्या करून व्हेक्टरमध्ये ठेवणारं. तिसरी, ओळीतून नाव, लेखक, प्रकार आणि कपाट काढून पुस्तकाचं स्ट्रक्चर बनवणारं. म्हणजे तीच यादी एका वेळी तीन रूपांत मेमरीत उभी होती, फंक्शन संपलं की पहिल्या दोन जायच्या, म्हणून नंतर पठार. कोड वाचताना हे पटकन लक्षात येत नाही कारण प्रत्येक फंक्शन आपापल्या जागी अगदी सरळ आणि नीटनेटकं होतं. उपाय सोपा, एक ओळ वाचायची, लगेच स्ट्रक्चर करायचं, पुढची ओळ त्याच स्ट्रिंगमध्ये वाचायची. आधीच्या दोन फांद्या झाडातून जवळजवळ गायब झाल्या.

तिसरी फांदी मात्र तशीच राहिली आणि तिथे एक्स्ट्रा-हीप चांगलाच मोठा होता. मराठी मजकूर हाताळणाऱ्या प्रत्येकानं हे समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण इंग्रजी उदाहरणं वाचून हे कधीच कळत नाही.

६४ बिटच्या मशीनवर जी++ ची स्ट्रिंग स्वतः ३२ बाइट्सची असते, आणि १५ बाइट्सपर्यंतचा मजकूर ती स्वतःच्या पोटातच ठेवते, हीपवर जातच नाही. इंग्रजीत १५ बाइट्स म्हणजे १५ अक्षरं, शहरांची आणि माणसांची बरीचशी नावं त्यात बसतात. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्सचं, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळे वेगवेगळे मोजायचे. म्हणजे आपल्याला मिळतात फक्त पाच चिन्हं. "नाटक" चार चिन्हं, १२ बाइट्स, बसलं. "काव्य" मध्ये क, काना, व, हलन्त, य, बरोबर १५, कसंबसं बसलं. "कादंबरी" सात चिन्हं, २१ बाइट्स, गेलं हीपवर. तिथे शेवटच्या शून्यासकट २२ बाइट्स मागितले जातात आणि लिनक्सच्या नेहमीच्या अ‍ॅलोकेटरमध्ये (प्रोग्रामला मेमरी वाटणारा कोड) त्यासाठी ३२ बाइट्सचा तुकडा जातो. स्ट्रिंगचे स्वतःचे ३२ आणि हे ३२, म्हणजे एका "कादंबरी"ला ६४ बाइट्स. आणि वाचनालयात निम्म्या पुस्तकांपुढे प्रकार म्हणून कादंबरीच लिहिलेलं असतं! तोच शब्द हजारो वेळा, प्रत्येक वेळी नवा तुकडा.

तर प्रकारासाठी स्ट्रिंग ठेवायचीच नाही. सगळ्या प्रकारांची एक छोटी यादी, आणि पुस्तकात फक्त एक बाइटचा नंबर. लेखकांचंही तसंच, एकाच लेखकाची पन्नास पुस्तकं असतील तर नाव एकदाच ठेवायचं आणि बाकी ठिकाणी नंबर. हे केल्यावर मॅसिफमध्ये यूजफुलपेक्षा एक्स्ट्रा जास्त वेगानं खाली येताना दिसतं. आणि दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करा, प्रत्येक वेळी मॅसिफ चालवा, आणि --मॅसिफ-आउट-फाइल=बदल१ असं नाव देऊन फाइल वेगळी ठेवा, नाहीतर नुसत्या प्रोसेस आयडीवरून कोणती फाइल कशाची हे दुसऱ्या दिवशी कोणाला सांगता येणार नाही.

जाता जाता, व्हेक्टर किंवा स्ट्रिंगला क्लिअर केलं म्हणजे मेमरी परत गेली असं नाही. आतले आयटम जातात, व्हेक्टरनं घेतलेली जागा तशीच राहते. खरोखर सोडायची असेल तर श्रिंक-टू-फिट, किंवा त्याहून बरं म्हणजे तो व्हेक्टर लहान ब्लॉकमध्ये ठेवा, कंस संपला की गेला.

टॉपमध्ये आकडा वेगळाच का दिसतो

टॉप म्हणजे चालू प्रोग्राम किती मेमरी घेतायत हे दाखवणारी लिनक्सची कमांड, तिच्यातला आकडा मॅसिफशी जुळत नाही, म्हणून हा प्रश्न येणारच. मॅसिफ डीफॉल्टला फक्त मॅलॉक, कॅलॉक, रिअ‍ॅलॉक, न्यू अशा मार्गांनी मागितलेली मेमरी मोजतं. प्रोग्रामचा कोड, लायब्ररी, थ्रेडचे स्टॅक, एममॅपनं थेट उघडलेल्या फाइली, हे त्यात नाही. शिवाय फ्री केलेली मेमरी लिनक्सची सी लायब्ररी लगेच सिस्टीमला देत नाही, पुन्हा लागेल म्हणून स्वतःजवळ ठेवते, त्यामुळे मॅसिफमध्ये ग्राफ खाली आला तरी टॉपमध्ये आकडा वरच राहू शकतो. सगळं काही एकत्र बघायचं असेल तर --पेजेस-अ‍ॅज-हीप=येस आहे, पण त्यात कोडची पानंसुद्धा येतात आणि झाड वाचायला अवघड होतं, हीपमध्ये काही सापडलं नाही तरच तिकडे वळा.

पीकच्या आकड्यातही डीफॉल्टला एक टक्क्यापर्यंत फरक असू शकतो, वेग वाचवायला तसं ठेवलंय. अगदी नेमका हवा असेल तर --पीक-इनअ‍ॅक्युरसी=०.० द्या.

जेव्हा मॅसिफला काहीच दिसत नाही

ग्राफ जवळजवळ रिकामा आला तर बहुतेक प्रोग्राम स्वतःचा वेगळा अ‍ॅलोकेटर वापरतोय, किंवा सगळं स्टॅटिक लिंक केलंय, तसं असेल तर डायनॅमिक लिंक करून बघा. व्हॅलग्राइंड ३.१२ च्या आधीचं असेल आणि टीसीमॅलॉक किंवा जेमॅलॉकसारखा दुसरा अ‍ॅलोकेटर प्रोग्राममध्येच स्टॅटिक जोडलेला असेल, तर --सोनेम-सिनोनिम्स=सोमॅलॉक=नन, नन मोठ्या लिपीत, असं दिलं की दिसायला लागतं. पायथनचं अजून वेगळं, तो लहान वस्तूंसाठी स्वतःच मोठे तुकडे घेऊन वाटतो, म्हणून पायथनमॅलॉक हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मॅलॉक ठेवून चालवावं लागतं. पण शुद्ध पायथन कोड असेल तर ३.४ पासून ट्रेसमॅलॉक आतच आहे, तेच वापरा, ते पायथनच्या ओळी दाखवतं.

सर्व्हरसारखा न संपणारा प्रोग्राम असेल तर तो मॅसिफखाली चालू ठेवा आणि दुसऱ्या टर्मिनलमधून "व्हीजीडीबी डिटेल्ड_स्नॅपशॉट" द्या, त्या क्षणाचं झाड मॅसिफ.व्हीजीडीबी.आउट मध्ये येतं. एक रिक्वेस्ट मारायच्या आधी एक, नंतर एक, दोन्हीला कमांडपुढे वेगळं फाइलचं नाव द्या, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.

आणि मॅसिफचा वेग अजिबात सोसवत नसेल तर हीपट्रॅक. मिलियान वोल्फ यांचं टूल, प्रोग्राम मूळ प्रोसेसरवरच चालतो आणि फक्त मॅलॉकचे कॉल मधल्या मधे पकडले जातात, म्हणून बराच जलद. "हीपट्रॅक ./यादी" चालवायचं, मग तयार झालेली फाइल "हीपट्रॅक_प्रिंट"ला द्यायची. त्यात घेतल्या घेतल्या लगेच सोडलेल्या तात्पुरत्या अ‍ॅलोकेशनची वेगळी मोजणी येते, जी मॅसिफच्या ग्राफमध्ये कधी दिसणार नाही. लूपमध्ये दर वेळी नवी स्ट्रिंग बनवणारा कोड तिथे लगेच सापडतो. मोठ्या प्रोग्रामला मी आधी हीपट्रॅक लावतो आणि छोट्या प्रोग्रामला मॅसिफ, कारण मॅसिफचं झाड टर्मिनलमध्ये वाचायला जास्त सुटसुटीत वाटतं.

हे पुन्हा बिघडू नये म्हणून

मॅसिफची फाइल साध्या टेक्स्टमध्ये असते. प्रत्येक स्नॅपशॉटला मेम_हीप_बी= अशी ओळ येते आणि पीकच्या खाली हीप_ट्री=पीक असं लिहिलेलं असतं. म्हणजे ग्रेपनं मेम_हीप_बी च्या ओळी काढून त्यातला सगळ्यात मोठा आकडा शोधणारी चार ओळींची स्क्रिप्ट सहज होते. ती मेकफाइलमध्ये टाका, ठरलेल्या छोट्या यादीवर चालवा, आणि आकडा ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला तर मेक फेल होऊ द्या. मर्यादा आत्ताच्या पीकपेक्षा दहा-पंधरा टक्के वर ठेवा, कारण कंपायलर किंवा लायब्ररीचं व्हर्जन बदललं की आकडा थोडा हलतो. वाचनालयाच्या प्रोग्रामला त्या मुलानं हे लावून टाकलंय, आता त्यात बालवाङ्मयाची यादी जोडायचं काम चाललंय.